जीएसटी घटला, शॉकअप स्वस्त झाले. पण पिकअपची आदळआपट त्यानं थांबेल का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ८ लाख किंमत असलेली पिकअप आधी १० लाख २४ हजारांना पडायची, ती आता ९ लाख ४४ हजारांना पडते. ८० हजारांचा फरक कुणाच्याही नजरेत भरणार, त्यामुळे मथळे त्याचेच झाले. पण त्याच निर्णयात आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही: गाडीच्या सगळ्या सुट्या भागांवर आता सरसकट १८ टक्के कर. आधी कुठल्या पार्टला १८ आणि कुठल्याला २८, याचा घोळ होता. शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप, हा २८ टक्केवाल्या गटात होता. करापूर्वी ३,००० रुपयांचा शॉकअप ३,८४० ला मिळायचा, तो आता ३,५४० ला मिळायला हवा.

यानंतर बरोबर नऊ दिवसांनी दुसरी बातमी आली. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. नितीन गडकरी हा विषय बरीच वर्षं लावून धरत होते आणि निर्णय चांगलाच आहे. फक्त हा नियम एन२ आणि एन३ वर्गातल्या गाड्यांना लागू आहे. साडेतीन टनांपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी एन१ मध्ये येते. म्हणजे गावोगावी भाजी, दूध, सिमेंट, पशुखाद्य, लग्नाचे मंडप असं सगळं वाहणारी बहुसंख्य पिकअप या नियमाच्या बाहेर राहिली. २०२३ मध्ये सुरू झालेलं भारत एनकॅप हे सुरक्षेचं रेटिंग एम१, म्हणजे प्रवासी गाड्यांसाठी आहे, त्यातही पिकअप नाही. थोडक्यात काय, ट्रकवाल्याला एसी मिळाला, कारवाल्याला स्टार मिळाले आणि पिकअपवाल्याला करात सूट मिळाली.

मग पिकअपवाला साहजिकच स्वतःचं स्वतः बघतो. सूट मिळालीच आहे तर मागचे शॉकअप बदलून टाकू, जरा भारीतले टाकू, गाडी कमी आदळेल, हा विचार सध्या बरेच जण करताहेत. ज्यांनी हौसेखातर इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स घेतलीय आणि मागच्या सीटवरच्या घरच्यांची बोलणी खाताहेत, तेही करताहेत. हा खर्च कुठे वसूल होतो आणि कुठे वाया जातो, हे समजायचं तर थोडं फिजिक्स बघावं लागेल. घाबरू नका, अकरावीच्या पुढचं काही नाही.

एकच गाडी, पण वजनाने दोन

आधी गोष्ट स्प्रिंगची. शॉकअप आणि स्प्रिंग या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि गोंधळ बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो. गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही, ते स्प्रिंग उचलते. पिकअपच्या मागे ही स्प्रिंग म्हणजे पाटे: एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या, मधोमध यू-बोल्टने ॲक्सलला आवळलेल्या. शॉकअपचं काम एवढंच की एकदा दबलेली स्प्रिंग परत उसळते तेव्हा त्या उसळीतली ऊर्जा खाऊन टाकायची. आत तेल असतं, पिस्टनला बारीक छिद्रं आणि झडपा असतात. त्यातून तेल जबरदस्तीने ढकललं जातं, तेल तापतं, आणि उसळीची उष्णता होऊन हवेत जाते. लांब खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावून बघा (जपून), चांगला गरम लागेल. थंडगार लागला तर तो काम करत नाहीये असं समजायला हरकत नाही.

आता पिकअपची खरी अडचण. कारमध्ये एक माणूस असो की पाच, मागच्या ॲक्सलवरच्या वजनात फार मोठा फरक पडत नाही. पिकअपचं तसं नाही. टाटा योद्धा २.० सप्टेंबर २०२२ मध्ये आली ती २ टन पेलोड घेऊन. महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअप एप्रिल २०२३ मध्ये आली, तिच्या वेगवेगळ्या मॉडेल्सचं पेलोड १.३ टनांपासून २ टनांपर्यंत. म्हणजे सकाळी जाताना जी गाडी असते ती संध्याकाळी परत येताना नसते. वजनाच्या हिशोबाने त्या दोन वेगवेगळ्या गाड्या आहेत, आणि दोघींना सस्पेन्शन मात्र एकच.

आकडे घालून बघू. हे कुठल्या एका मॉडेलचे नाहीत, हिशोब कळावा म्हणून घेतलेत. समजा रिकाम्या गाडीत मागच्या पाट्यांवर ५०० किलो आहे आणि माल भरल्यावर १,८०० किलो. दोन्ही बाजूंचे पाटे मिळून कडकपणा २५० न्यूटन प्रति मिलिमीटर धरू. (खऱ्या गाडीत ओझं वाढलं की खालचा जाड हेल्पर पाटाही टेकतो आणि कडकपणा वाढतो. सध्या ते बाजूला ठेवू.) स्प्रिंगवरचं वजन किती वेगाने वरखाली झुलेल, हे कडकपणा भागिले वस्तुमान याच्या वर्गमुळावर ठरतं. हिशोब केला तर भरलेली गाडी सेकंदाला १.९ वेळा झुलते आणि रिकामी गाडी सेकंदाला ३.६ वेळा.

आरामदायी कार साधारण १ ते १.५ वेळा झुलते. आणि माणसाचं शरीर उभ्या दिशेच्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त वैतागतं ते साधारण ४ ते ८ या पट्ट्यात, कारण पोट, पाठीचा कणा आणि छातीतले अवयव याच सुमाराला स्वतःच डुलायला लागतात. म्हणजे रिकामी पिकअप आपल्या शरीराच्या नेमक्या नावडत्या पट्ट्याच्या दाराशी उभी असते. "भरलेली गाडी मऊ चालते, रिकामी उडते" हे कुठलाही ड्रायव्हर सांगेल. त्यामागचं गणित हे असं आहे.

आणि हे गणित शॉकअप बदलून बदलत नाही! ३.६ हा आकडा पाटे आणि वजन यांनी ठरवलाय. शॉकअप कितीही महागडा टाका, स्प्रिंग तीच राहणार.

मग शॉकअप नेमकं काय बदलतो?

उसळी किती लवकर मरते, ते. वरच्याच गाडीत दोन्ही शॉकअपची मिळून ताकद ६,००० न्यूटन-सेकंद प्रति मीटर धरली तर रिकाम्या गाडीत एका खड्ड्यानंतर पहिली झोकांडी संपेपर्यंत उसळी १७ टक्क्यांवर येते, दुसरी संपेपर्यंत ३ टक्क्यांवर. विषय संपला. भरलेल्या गाडीत तोच शॉकअप, तेच तेल. पण पहिल्या झोक्यानंतर ४१ टक्के उसळी शिल्लक असते, दुसऱ्यानंतर १७ टक्के. वजन वाढलं, ते थांबवायला लागणारी ताकद वाढली, शॉकअप मात्र आहे तोच.

मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून मला हे लगेच असं दिसतं: कॉन्फिगरेशन फाइल एक, आणि ती दोन अगदी वेगळ्या सर्व्हरवर चालवायची. एकासाठी आकडा बरोबर बसवला की दुसऱ्यावर गडबड. कंपनीचा इंजिनिअर मधला कुठला तरी आकडा निवडतो. त्याच्यावर किमतीचा दबाव असतो, आणि गाडी विकली जाते पेलोडवर, मायलेजवर आणि हप्त्यावर. "रिकामी असताना कमी उडते" असं ब्रोशरमध्ये कुणी छापत नाही. त्यामुळे पाटे कडक आणि शॉकअप साधा, हेच बहुतेक ठिकाणी दिसतं. मला यात कुणाचा कट वगैरे दिसत नाही. जे विचारलं जातं तेच बनतं, एवढंच.

आता शॉकअप जुना झाला आणि त्याची ताकद अर्ध्यावर आली असं समजू. भरलेल्या गाडीत एका झोक्यानंतर ६४ टक्के उसळी उरते. १७ टक्क्यांपर्यंत यायला दोनाऐवजी चार झोके लागतात. चार झोके म्हणजे साधारण दोन सेकंदांहून थोडं जास्त. ताशी ६० च्या वेगाने तेवढ्यात गाडी ३५ मीटर पुढे गेलेली असते. या ३५ मीटरमध्ये मागची चाकं आळीपाळीने रस्त्यावर जोरात दाबली जाताहेत आणि हलकी होताहेत. हलक्या झालेल्या क्षणी ब्रेक लागला तर टायरची पकड कमी असते. कसारा घाटात उतरताना वळणावर असा जॉइंट आला आणि गाडीत दीड टन माल असला, की हा हिशोब कागदावरचा राहत नाही. त्यामुळे संपलेला शॉकअप बदलणं याला मी "आरामाचा खर्च" म्हणणार नाही. तो ब्रेकच्या खर्चात धरावा.

दुसरी गोष्ट चाकांची. आत्तापर्यंत आपण पाट्यांच्या वरचं वजन बघितलं. पाट्यांच्या खाली ॲक्सल, डिफरन्शियल, ब्रेक ड्रम आणि चाकं असं मोठं धूड असतं आणि ते टायरच्या हवेवर वेगळंच नाचत असतं, साधारण सेकंदाला १० ते १२ वेळा. कच्च्या रस्त्यावर आडव्या लाटा पडलेल्या असतात ना, त्यावरून रिकामी पिकअप नेली की मागचा भाग बाजूला सरकल्यासारखा वाटतो, तो हा नाच. चाकं अक्षरशः जमीन सोडत असतात. टायर स्वतः ही ऊर्जा फारच थोडी खातो. पाट्यांमधलं घर्षण थोडं खातं. बाकी सगळा भार शॉकअपवर. इथे चांगल्या शॉकअपचा फरक रिकाम्या गाडीतही ताबडतोब जाणवतो.

म्हणून उत्तर असं अर्धं-अर्धं आहे. भरलेल्या गाडीचं डुलणं, चाकांचा नाच, मागचा भाग सरकणं, स्पीड ब्रेकरनंतरची दुसरी-तिसरी उडी, हे शॉकअपने सुधारतं. रिकाम्या गाडीचा प्रत्येक खड्ड्यात कंबरेत बसणारा टणका मात्र मुख्यतः पाट्यांचा आणि टायरच्या हवेचा आहे. तिथे शॉकअप बदलून फार तर थोडी धार कमी होईल. आणि "हेवी ड्युटी" म्हणून विकला जाणारा, जास्त ओझ्यासाठी कडक केलेला शॉकअप टाकलात तर रिकामी गाडी आधीपेक्षा जास्त आपटेल. पैसे घालून त्रास विकत घेणं यालाच म्हणतात. महिन्यातले वीस दिवस रिकामी फिरणाऱ्या व्ही-क्रॉसवाल्यांनी हे वाक्य परत वाचावं.

बाजारात काय मिळतं

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे दोन नळ्यांचा तेलाचा शॉकअप. आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत जास्तीचं तेल आणि वर थोडी हवा. स्वस्त, टिकाऊ, बाहेरून चेपला तरी बहुतेक वेळा चालत राहतो. त्याची कमजोरी म्हणजे लांब खराब रस्ता. पिस्टन भराभर हलला की तेल आणि हवा मिसळून फेस होतो. फेसातून पिस्टन सहज सरकतो, म्हणजे जेव्हा गरज जास्त तेव्हाच ताकद कमी. तासाभराने गाडी थंड झाली की शॉकअप परत ठीक, त्यामुळे गॅरेजमध्ये नेल्यावर "काही झालेलं नाही" असं उत्तर मिळतं.

त्यावरचा उपाय म्हणजे याच दोन नळ्यांमध्ये हवेऐवजी कमी दाबाचा नायट्रोजन भरणं. फेस बराच कमी होतो, किंमत थोडी वाढते. माझ्या मते ओझं वाहणाऱ्या बहुतेक पिकअपसाठी हाच प्रकार पैशाला धरून आहे.

तिसरा प्रकार एकनळी, ज्याला मोनोट्यूब म्हणतात. फ्रेंच इंजिनिअर बूर्सिए द कार्बों याच्या कल्पनेवर बिलस्टाइनने १९५७ मध्ये मर्सिडीजसाठी तो मोठ्या प्रमाणावर बनवला. यात तेल आणि गॅस यांच्यामध्ये सरकता पडदा असतो आणि गॅसचा दाब २० ते ३० बारच्या आसपास असतो, म्हणजे कारच्या टायरच्या दहापट. फेस जवळपास होत नाही, नळी थेट हवेला लागलेली असल्यामुळे उष्णता लवकर बाहेर जाते. पण बाहेरची नळी हीच पिस्टनची नळी असल्याने दगड लागून पोचा पडला की तो शॉकअप संपला. शिवाय गॅसच्या दाबाने तो गाडीला थोडं वर ढकलतो आणि बारीक खड्ड्यांवर जरा ताठ लागतो. खाणीच्या, उसाच्या फडाच्या रस्त्यावर मागच्या ॲक्सलखाली उघडा लटकणारा शॉकअप हा असावा का, याचा विचार करूनच घ्या.

प्रकारापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे आतल्या झडपांची जुळवणी, आणि नेमकी तीच डब्यावर लिहिलेली नसते. दबताना किती विरोध आणि उसळताना किती, हळू हालचालीला किती आणि झटक्याला किती, हे सगळं पिस्टनवरच्या पातळ चकत्यांच्या थप्पीने ठरतं. चांगल्या जुळवणीत हळू डुलण्याला विरोध लवकर तयार होतो, पण अचानक झटका आला की झडप उघडून तेलाला वाट मिळते. म्हणजे गाडी डुलत नाही आणि खड्डाही टोचत नाही. काही शॉकअपमध्ये नळीच्या मधल्या भागात बारीक खाच असते. पिस्टन त्या भागात असताना तेलाला बाजूने वाट मिळते, शॉकअप मऊ. ओझ्याने गाडी दबली की पिस्टन खाचेच्या पलीकडे जातो, शॉकअप कडक. पिकअपच्या दोन-गाड्या-एक-सस्पेन्शन या दुखण्यावर मला हा उपाय सगळ्यात हुशार वाटतो. ना सेन्सर, ना वायर, फक्त एक खाच.

सेन्सरवालेही आहेतच. अमेरिकेत २०१९ च्या फोर्ड एफ-१५० रॅप्टरमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे फॉक्स कंपनीचे शॉकअप आले, जे चालत्या गाडीत कडक-मऊ होतात. रॅम १५०० ने तर २००९ च्या मॉडेलपासून मागचे पाटेच काढून कॉइल स्प्रिंग बसवली. पण तिकडे पिकअप ही मोठ्या प्रमाणावर घरची गाडी आहे. आपल्याकडे दीड-दोन टन माल घेऊन शेतात शिरणाऱ्या गाडीला पाटेच लागतात: तुटला तर एक पाटा बदलता येतो, आणि तो बदलणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी भेटतो.

बनवण्याची क्षमता आपल्याकडे नाही असं मात्र कुणी म्हणू नये. गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून देशात शॉकअप बनवतेय आणि तिचे कारखाने चाकण आणि नाशिकला आहेत. म्हणजे नारायणगावच्या टोमॅटोच्या गाड्या रोज शॉकअपच्या कारखान्याच्या जवळून जातात.

टोमॅटोचाही हिशोब धरा

नारायणगाव, पिंपळगाव बसवंत, लासलगाव या पट्ट्यात पिकअपची राईड हा ड्रायव्हरच्या कंबरेपुरता विषय नाही. फळांच्या वाहतुकीवर जगभरात जे अभ्यास झालेत त्यात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात: पाट्यांच्या गाडीत एअर सस्पेन्शनच्या गाडीपेक्षा हादरे जास्त, आणि थप्पीतल्या सगळ्यात वरच्या क्रेटला व गाडीच्या मागच्या टोकाला सगळ्यात जास्त मार. वरच्या फळांवर दाब नसतो, ती क्रेटमध्ये उडतात, गोल फिरतात, एकमेकांवर घासतात. तो डाग बाजारात पोचेपर्यंत दिसत नाही, दुसऱ्या दिवशी दिसतो. तोवर लिलाव झालेला असतो, आणि नुकसान कुणाच्या नावावर टाकायचं यावर वाद.

पूर्ण भरलेल्या गाडीत हे कमी असतं. वांधे होतात ते अर्ध्या भरलेल्या गाडीत. भाव पडले की शेतकरी २० किलोचे शंभरऐवजी चाळीस क्रेट पाठवतो. दोन टनांसाठी बनवलेल्या पाट्यांवर ८०० किलो बसतं, गाडी उडत जाते. ज्या दिवशी भाव नाही त्याच दिवशी मालाला मार जास्त. चाळीस क्रेट न्यायचे असतील तर ते अगदी मागे, फळक्याला लावून ठेवू नका. केबिनच्या बाजूला ठेवा, थप्पी कमी उंचीची करा आणि वरून घट्ट बांधा. याला एक रुपयाही लागत नाही.

शॉकअपआधी करायच्या गोष्टी

पहिली, टायरची हवा. पिकअपला मागे भरलेल्या गाडीसाठी आणि रिकाम्या गाडीसाठी वेगवेगळी हवा सांगितलेली असते. दरवाजाच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये आकडे सापडतील. प्रत्यक्षात पूर्ण ओझ्याची हवा भरतात आणि ती तशीच ठेवून रिकामे फिरतात. टायर हीदेखील स्प्रिंगच आहे. ज्यांची गाडी आठवड्यातून दोनच दिवस भरते त्यांनी बाकीच्या दिवशी रिकाम्याचा आकडा ठेवून बघावा, फरक त्याच दिवशी कळेल. माझ्या मामेभावाने एवढंच केलं आणि शॉकअपचा बेत पुढे ढकलला. फक्त ओझं भरताना हवा परत वाढवायला विसरलात तर टायर तापून फुटू शकतो, हे डोक्यात पक्कं ठेवा.

दुसरी गोष्ट पाट्यांची. पाट्यांमध्ये गंज आणि माती बसली की ते एकमेकांवर सरकत नाहीत, चिकटतात. बारीक खड्ड्यावर चिकटलेला पाटा हलतच नाही, धक्का सरळ चॅसीत जातो. पाटे उतरवून साफ करणं, टोकांच्या पॅड्स आणि शॅकलचे बुश बदलणं, यू-बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळणं हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही. पण पाच वर्षं चाललेल्या गाडीत मी नव्या शॉकअपच्या आधी हेच करीन. ओझं कधीच दोन टन नसेल तर एखादा पाटा काढण्याचा सल्लाही मिळतो. तो मी देणार नाही. गाडीचं पेलोड त्या पाट्यांवर मंजूर झालंय.

मग शॉकअप. तेल गळून खालपर्यंत ओघळ आलाय, टायर पट्ट्यापट्ट्याने किंवा खळगे पडून झिजलाय, बुश फाटलाय, यापैकी काही असेल तर बदला. हाताने गाडी दाबून बघायची कारवाली परीक्षा इथे चालत नाही, रिकाम्या पिकअपचे पाटे हाताने दबतच नाहीत. दोन्ही बाजूंचे एकदम बदला. नवा शॉकअप पूर्ण बंद आणि पूर्ण उघडा असताना किती लांब आहे ते जुन्याशी जुळवून घ्या. बंद लांबी जास्त असेल तर पाटा रबरी बंपस्टॉपवर टेकण्याआधी शॉकअपच तळ गाठतो, मग एक तर तो जातो किंवा चॅसीवरचं ब्रॅकेट तुटतं. काही गाड्यांमध्ये एक शॉकअप ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे तिरका लावलेला असतो. ते चुकून झालेलं नसतं. जोर लागल्यावर ॲक्सल पीळ खातो तो आवरण्यासाठी तसं केलेलं असतं, त्यामुळे बसवताना दोन्ही एका बाजूला आणू नका. आणि बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं, जॅकवर लटकलेल्या गाडीत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या, म्हणजे उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं: परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. झिजलेला शॉकअप काढून त्याच मापाचा, त्याच गाडीसाठी बनवलेला दुसरा बसवणं ही दुरुस्ती आहे. गाडी दोन-तीन इंच उचलणारी लिफ्ट किट, लांब शॅकल, जास्तीचे पाटे हा वेगळा विषय झाला. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो तेव्हा हा फरक लाखांत मोजला जातो.

आणि एक गैरसमज. "हेवी ड्युटी शॉकअप टाकलेत, आता पाचशे किलो जास्त टाकू" हे बऱ्याच ठिकाणी ऐकू येतं. वर बघितलं तसं, शॉकअप वजन उचलतच नाही. पासिंगपेक्षा जास्त ओझ्याला केंद्रीय कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० असा दंड आहे, तो नव्या शॉकअपने माफ होत नाही.

धोरणाचं काय?

युरोपात कामगाराच्या शरीराला दिवसभरात किती हादरे बसावेत याला २००२ पासून मर्यादा आहे. आठ तासांच्या सरासरीने ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ओलांडलं की मालकाने उपाय करायचे, आणि १.१५ च्या वर कामच करून घ्यायचं नाही. हे ट्रॅक्टर, फोर्कलिफ्ट, ट्रक सगळ्यांना लागू आहे. आपल्याकडे ड्रायव्हरच्या आरामाची चर्चा एसीपर्यंत आली हीच मोठी गोष्ट, पण तीही साडेतीन टनांच्या वरच थांबली. तापमान थर्मामीटरवर दिसतं, म्हणून त्यावर नियम करणं सोपं गेलं. हादरे मोजायला ॲक्सेलरोमीटर लागतो, आणि तो आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. (फोन डॅशबोर्डवर चिकटवून अंदाज येतो, प्रमाणित माप नाही येत, त्यासाठी सेन्सर सीटवर लागतो.)

एन१ गाड्यांना उद्याच एअर सस्पेन्शन सक्तीचं करा, असं मी म्हणणार नाही. किंमत वाढेल आणि ती शेवटी भाड्यातून शेतकऱ्यावरच येईल. पण पुण्यात एआरएआयसारखी चाचणी संस्था असताना पिकअपचा सीटवरचा हादरा, रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही अवस्थांत, मोजून ब्रोशरमध्ये छापायला लावणं अवघड नाही. मायलेज छापतात तसंच. छापलं की तुलना होईल, तुलना झाली की कंपनीतल्या त्या इंजिनिअरला खाच असलेला शॉकअप मागायला कारण मिळेल. एका शॉकअपमागे वाढणारा खर्च ८० हजारांच्या करसवलतीपुढे फारच किरकोळ आहे.

तोवर दुकानात जाताना गाडीचं मॉडेल, साल आणि जुन्या शॉकअपची दोन्ही मापं लिहून न्या, आणि पक्कं बिल मागा. त्यावर एचएसएन कोड ८७०८ ने सुरू होणारा असेल आणि जीएसटी ९ अधिक ९ असा १८ टक्के दिसायला हवा. १४ अधिक १४ दिसला तर बिल तिथेच दुरुस्त करून घ्या.